कोठाराचं दार

देओलिंदाने कोठाराचं जुनं दार बिजागऱ्यांतून काढलं,
अर्ध्या पायऱ्यांवर तिरपं टाकलं, वर गोणपाट ठोकलं.
पंजे घसरू नयेत म्हणून.
फारुश्को नुसता बघत राहिला.
साठ किलोंचा हा कुत्रा एकेकाळी
एश्त्रेलाच्या डोंगरात लांडग्यांची वाट अडवून उभा राहायचा;
गळ्यातला खिळ्यांचा पट्टा
आता चुलीमागे, कांद्यांच्या माळेशेजारी.

डॉक्टर म्हणाला, वजन उतरवा. पाव बंद.
गोळी ती मेंढीच्या चीजमध्ये लपवते.
तो चीज खातो, गोळी
फरशीवर ठेवतो. नीट. ओलसर.
मग दुसरा तुकडा.
डॉक्टरला कोण सांगणार?

रात्री गरम पाण्याची पिशवी
आधी त्याच्या खुब्याला,
उरलीसुरली ऊब स्वतःच्या गुडघ्याला.
अंगठा सांध्याभोवती हलके फिरवताना
दुखतं तिथे तो कण्हत नाही,
कान तेवढे मागे घेतो.
तिला तेवढं पुरतं.

पहाटे अंगणात दव गोठलेलं.
तो फळीपाशी येतो, हुंगतो,
आणि शेजारच्या पायऱ्यांवरूनच उतरतो,
एकेक पाय मोजून.

"हट्टी म्हाताऱ्या," ती पुटपुटते,
आणि भिंतीला हात धरून
स्वतः उतरते फळीवरून.