रकाना सात

पावणेआठला मी गेटापाशी टेबल मांडतो.
बंदराकडून वारा येतो, सुकत घातलेल्या बांगड्याचा,
आतून भाजल्या काजूचा.
मस्टरला कालपर्यंत सहा रकाने होते.
रात्री मालकांनी सातवा आखायला लावला:
प्रमाणपत्र पाहिले / नाही.
पट्टी जुनी, उंदराने कुरतडलेली,
रेघ मध्येच जरा डगमगली.

बायका येतात.
पदराच्या गाठीतून फोन निघतात, प्लास्टिकात घातलेले कागद,
एकीचा घड्या घालून घालून चार तुकडे झालेला.
शेवंती मेतर, दोन डोस, जा.
रझिया मुजावर, दोन डोस, जा.
टोलनाक्यावरच्या माणसासारखा माझा हात आपोआप हलतो.

कुशावती गिरप थांबते.
"दोनय घेतलंय मा. शाळेत.
तुझीच बायल माज्या फुडे उभी होती."
होती. मला ठाऊक आहे.
नंबर दिलेला झिलाचा.
झील ट्रॉलरवर, मोबाइल झिलाच्या खिशात,
आणि आत समुद्रात रेंज नाही.
सेतू केंद्रात गेली, तर यंत्र म्हणालं, अंगठा पुन्हा ठेवा.
पुन्हा.
पुन्हा.
एकोणतीस वर्षं टरफलाच्या तेलाने खाल्लेला अंगठा
ओहोळातल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
ज्या कारखान्याने तो पुसला
तोच आज विचारतोय, तू तूच कशावरून?

ती पोलक्याची बाही वर सारते.
"हो बघ. देवीचो."
दंडावर जुन्या रुपयाएवढा वण, कडेने चुणलेला.
"तिघांनी धरलेली माका. मी डॉक्टराक चावलंय.
तेवा कागद नाय गावायचो रे,
आंगारच लिवायचे."
रांगेतल्या चौघी हसतात. मीही हसतो,
मग मालकांच्या काचेकडे बघतो.

तिच्या मागे फिलू डिसोजा,
अंगावर पिणारं मूल सासूकडे ठेवून आलेली.
"घेवक नाय," ती म्हणते. "घेवचीय नाय.
माज्या आंगात काय जातला ता तुमचा मस्टर ठरवतलो?"

मला उत्तर येत नाही.
मला भट्टीवरचा बाबल राऊळ आठवतो.
सोमवारी खोकला, पुढच्या सोमवारी बातमी.
त्याचा डबा अजून फळीवर आहे, कोणी हलवत नाही.
आत दोन बायकांत वीतभर जागा,
खिडक्या बंद, नाहीतर सालं उडतात.
फिलू बोलते तेही खरं, बाबलचा डबाही खरा,
आणि दोन्ही एकदम आत यायला
हे गेट अरुंद आहे.

मालकांना मी विचारलं होतं,
असं मागता येतं आपल्याला? कायद्यात बसतं?
ते म्हणाले, दुबईचा माल अडकलाय, कायदा तू बघ.
बघितला.
एका कागदावर 'ऐच्छिक', दुसऱ्यावर 'आवश्यक',
शिक्का दोन्हींवर तोच.
मालकांचं प्रमाणपत्र मी पाहिलेलं नाही.
ते मागच्या दाराने येतात. तिथे टेबल नाही.

भोंगा होतो.
कुशावतीपुढे मी लिहितो: पाहिले.
वण पाहिला, खोटं काय त्यात?
फिलूच्या ओळीवर पेन टेकवतो,
शाई साचत जाते, ठिपका मोठा होतो.
ती ठिपक्यासाठी थांबत नाही.
रस्त्यापलीकडे माडाखाली जाऊन बसते,
दहापर्यंत तिथे दिसते.

शनिवारी हिशेबाला आली.
अकरा दिवसांचे निघाले, त्यातून अॅप्रनचे वजा.
तिला सही येते, तिने केली.
मी सवयीने शाईचं पॅडही पुढे सरकवलं
आणि तिने न बोलता अंगठा टेकवला.

ठसा उमटला. स्वच्छ, भरीव,
एकेक रेघ भोवऱ्यासारखी आत वळत गेलेली.
कितीतरी वर्षांत या वहीत असा अंगठा आला नव्हता.
तीनच महिने झाले होते तिला इथे.