ओलांडून

नोंदवहीत याला रकाना नाही,
म्हणून इथं लिहितो.

मे महिना, कोसमटोल्याचा तेंदूफड.
दोन चाळीसला कॉल आला : वीज पडली, चार माणसं.
सतरा किलोमीटर, त्यातले सहा मुरमाचे,
मध्ये रपटा, रपट्यावर म्हशी.
पोचलो तेव्हा आभाळ निळंशार,
जणू ते त्या गावचंच नव्हतं.

मोहाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत सोललेली,
खाली सत्तर-सत्तर पानांचे पुडे
सुटून उधळलेले.
दोघी ओरडत होत्या.
इंदुकला नैताम, उजवा हात पोटाशी धरून,
पाठीवर कुणी बारीक फांद्या गोंदल्यासारखी भाजलेली नक्षी.
तिची जाऊ कान दाबून, "आयकू नाही येऊन रायलं."
दोघं गप्प होते.
एक म्हातारा, कुमरे.
एक पोरगी, चौदा-पंधराची,
गळ्यापर्यंत शेणखतात पुरलेली.
"हात नोको लावू भाऊ, करंट हाये तिच्या अंगात."

नऊ वर्षं मी हेच केलं :
बस उलटो की ट्रॅक्टर,
जो कण्हतो त्याच्याकडे धाव,
जो थंड पडला त्याच्यावर चादर.
पाय आपोआप इंदुकलाकडे वळले.
खोब्रागडे मॅडमनं मागून कॉलर धरली.
"वीज आहे, सहारे. आज उलटं.
ओरडते ती श्वास घेते आहे. जे चूप आहेत तिकडे चला."

एका बाजूला काट्यांचं कुंपण,
एका बाजूला बोरे रचलेले,
वाटेत इंदुकला.
तिनं डावा हात पुढे केला, म्हणाली, "भाऊ."
आणि मी तिला ओलांडलं.

"वीज अंगात राहत नाही," मॅडम सांगत होत्या
खत उपसता उपसता, कुणाला ते माहीत नाही.
पोरीची छाती माझ्याकडे, श्वासाची पिशवी त्यांच्याकडे.
म्हाताऱ्याजवळ त्यांनी एका पोराला बसवलं,
"असं दाब. थांबू नको."

मोजायला कुणीतरी हवं होतं.
फडीमुन्शी हिरामण लांजेवार पुढे आला,
जो रोज प्रत्येक पुड्यात तीन पानं कमीच सांगायचा,
ज्याला गाव पाठीमागे सदुसष्ट्या म्हणायचं.
एक, दोन, तीन... तीस.
दोन श्वास.
परत एक.
घसा बसला, पण त्या दुपारी त्यानं
एकही आकडा खाल्ला नाही.

पोरीचं काळीज आधी परतलं. श्वास नाही.
विजेत असं होतं म्हणे. हृदय उठून बसतं
आणि छातीला आठवत नाही, ती कशासाठी आहे.
मॅडम पिशवी दाबत राहिल्या. मी गाडी पळवली,
दोघी बाया मागच्या बाकावर.
फाट्याजवळ पोरगी खोकली
आणि तिनं गोंडीत काहीतरी म्हटलं.
मला गोंडी येत नाही. जावेला ऐकू येत नव्हतं.
इंदुकला तेवढी रडता रडता हसली,
म्हणाली, "शिवी देली तुमाले."

म्हातारा आला नाही.
दुसरी गाडी तासाभरानं पोचली
तेव्हा तो पोरगा अजून दाबतच होता.
त्याला थांब म्हणायचं राहून गेलं होतं.

दिवाळीनंतर आठवडी बाजारात इंदुकला दिसली,
डाव्या हातानं वांगी निवडताना.
"तुमी मले वलांडून गेलते."
मी समजावू लागलो : श्वास, वीज, मॅडम, नियम.
तिनं सगळं ऐकलं. एक किडकं वांगं परत टाकलं.
"ते ठीक हाये. पोरगी जगली, चांगलं झालं.
पण वलांडलेल्याले उलटं वलांडून द्या लागते,
नाही त अडून रायते मानूस."

लहानपणी आईही हेच म्हणायची,
झोपलेल्या भावाला ओलांडलं की.

पिशवी बाजूला ठेवून
ती तिथंच मातीत बसली, पाय पसरून.
लोक थांबून बघू लागले.
मी बूट काढले.