एक्केचाळीस सेकंद

मे महिना. महालातला धर्मादाय दवाखाना, नोंदणीची खिडकी.
कूलरचा पंप रात्रीच बसला, वाळा कोरडा.
स्क्रीनवर गोल फिरतंय.
खिडकीबाहेर कुहीकडची एक बाई,
जुना केसपेपर घरी विसरून आलेली,
तिच्यामागे रांग थेट रसवंतीपर्यंत.

एक्केचाळीस सेकंद. मी मोजले.
रुग्णांच्या टेबलात त्रेसष्ट लाख ओळी
आणि हे बिचारं यंत्र एकेका माणसासाठी
पहिल्या ओळीपासून दारं वाजवत निघतं:
तुम्ही का? नाही? मग तुम्ही?
सापडलं तरी थांबत नाही,
पुढे त्याच नावाचं आणखी कुणी असलं तर?

मला पुण्याहून नव्हे, धरमपेठेतून बोलावलेलं,
म्हणून जेवण नाही, नुसता चहा.

रेकॉर्डरूमचे गजभिये, येत्या एकतीसला रिटायर,
कपाटांच्या बोळीतून आले, हातात फडकं.
आमच्या काळी असं नव्हतं, हे म्हणाले नाहीत.
म्हणाले, "तुमची मशीन सारे गठ्ठे सोडून पायते.
मी तं आधी चिठ्ठी पायत होतो."

लाकडी खण ओढला.
पिवळ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, कोपरे हाताळून गोल झालेले:
गाव, आडनाव, साल. आणि खाली, गठ्ठा कुठे.

"आडनाव पयले नाही?"
"मेश्राम म्हणून हाक मारशील, तं अर्धा जिल्हा ओ देईन.
आधी मांढळ म्हण. मग पाय, किती उरते."

माझ्या कागदावर आडनाव आधी होतं.
खोडलं.

रात्री अकराला, रांग निजल्यावर, तोच क्रम यंत्राला दिला.
सतरा मिनिटं ते गप्प बसून चिठ्ठ्या लिहीत राहिलं.
तेवढ्यात मी जुनं सामान उपसलं:
माझ्या आधीच्या कुणीतरी
प्रत्येक आडनाव शोधताना छाटून, घासून घेतलं होतं;
असं घासलेलं आडनाव कुठल्याच खणात बसत नाही.
आणि नऊ इंडेक्स, हौसेने केलेले.
रक्तगटाप्रमाणे, पिनकोडप्रमाणे, एक तर धर्मादाय सवलतीच्या टक्क्यांप्रमाणे.
कुणी कधी विचारलं नव्हतं त्यांना काही,
पण दर नव्या रुग्णाची नोंद
नऊ वह्यांत उतरवली जायची, तो उभ्या उभ्या कण्हत असताना.
आठ काढले. एकाची हिंमत झाली नाही.

सकाळी: सेकंदाचा पन्नासावा भाग.
नोंदणीवरच्या पोरीने दोनदा बटण दाबलं,
तिला वाटलं, बिघडलं.

सगळंच सुटलं असं नाही.
"नावाच्या शेवटी बाई होतं, एवढंच आठवते,"
असं म्हणणाऱ्यांसाठी यंत्र अजूनही
त्रेसष्ट लाख दारं वाजवतं.
शेवटाकडून उघडणारा खण मला बांधता आला नाही.

दुपारी गजभिये माझ्या खुर्चीमागे आले.
"एक पाय ना. मांढळ. गजभिये. सत्त्याण्णव."
खिशातून चष्मा काढला, फडक्याला पुसू लागले.

त्यांची एकच काच पुसून झाली होती.
एक ओळ.
नाव: रिकामं. वय: चार दिवस.

"इतल्या लवकर," ते म्हणाले.

मला ते फिरणारं गोल परत आणावंसं वाटलं,
एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सेकंद,
निदान दुसऱ्या काचेपुरतं.
तशी काही आज्ञा असते, मला येतेही,
पण बोटं कळफलकावर तशीच राहिली.

त्यांनी दुसरी काच पुसली. चष्मा लावला.
ती ओळ वाचली, सावकाश,
पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत, एकही न गाळता,
कालपर्यंत यंत्र वाचायचं तशी.

मग फडकं खांद्यावर टाकून
खिडकीशी वाकले:
"कोणतं गाव, माय?"