साडेसात ते साडेनऊ

वायरमनला वाटलं, चेष्टा करतोय.
आम्ही सहा बायका राधानगरीला अर्ज घेऊन गेलेलो :
वाडीतले रस्त्यावरचे दिवे
वीस मेपासून पंधरा दिवस
रोज दोन तास बंद ठेवावेत.
तो म्हणाला, "मावशी, दिवं लावा म्हणून अर्ज येत्यात.
ह्यो कसला?"

कसला म्हणजे, काजव्यांचा.

ह्याच अंधाराला शिव्या घातल्यात आम्ही जन्मभर.
चुलीच्या जाळावर पोरांचे पाढे घेतले,
गवा परड्यात शिरला की डबा बडवला,
पहिला खांब उभा राहिला
तेव्हा त्याच्या बुडाशी नारळ फोडला.
आता पुण्याची माणसं पैसे मोजून
त्याच अंधारात उभी राहतात
आणि गाभाऱ्यात बोलावं तसं हळू बोलतात.

एक गाडीवाला आलेला, पांढऱ्या बुटातला.
म्हणाला, उतार द्या तीस वर्षांच्या करारावर,
तंबू टाकतो, तळं बांधतो पोहायला,
डोंगरभर लायटिंग करतो.
धाकू झोरेनं त्याला पाट दिला, ताक दिलं,
आणि विचारलं,
"आन् काजवं कुठं ठेवनार?"

बँकेनं सातबारा मागितला. आम्ही वही काढली.
शालननं दोन महिन्यांचं दुधाचं बिल दिलं,
रुक्साना मुल्लाणीनं गाद्या शिवल्या,
म्हणाली, पैसं हंगाम झाल्यावर बघू.
चंदर कांबळेनं सोप्याच्या खुंटीला
सहा जोड चपला टांगल्या, हातच्या शिवणीच्या.
पाहुणा विचारतो, रात्री रानात
ह्यांचा करकर आवाज चालेल का?
चंदर म्हणतो, "काजव्यास्नी चालतंय. तुमचं बघा."

घरं आठ, पाळ्याही आठ.
पाळीवरून भांडणं होतात, का नाही होणार?
गिरणीवाला यशवंता दोन साल बोलत नव्हता,
त्याचं दळण रात्रीच यायचं.
शेवटी ठरलं, पाहुण्यांची नाचणी त्याच्याकडंच,
पण सातच्या आत.
भांडण मिटलं नाही. पिठात गेलं.

मुंबईची एक बाई म्हणाली,
रस्सा जरा कमी तिखट मिळेल का?
हौसाक्का म्हणाली, "मिळंल की.
पण मग त्येला रस्सा म्हनू नका."
बाईनं डोळे पुसत तीन वाट्या खाल्ल्या.

गेल्या साली, सव्वीस तारखेला,
पाहुणे दहा, आभाळ मोकळं,
हिरड्याची झाडं नुकती लुकलुकायला लागलेली,
आणि शालनच्या सुनेला कळा सुरू झाल्या.
अँब्युलन्स खालच्या वळणावर चुकली.
फोनवर ड्रायव्हर ओरडत होता,
"तुमचं गाव कुठाय? काय दिसंना!"

यशवंता आधी धावला.
गिरणीचा हॅलोजन त्यानं रस्त्याकडं फिरवला.
मग गुरवानं देवळाचा दिवा लावला,
मग घरोघरची बटणं,
मग पाहुण्यांनी मोबाइल उंच धरले,
ओढ्यापासून शालनच्या दारापर्यंत
एकेका वळणावर एकेक माणूस.
अनोळखी हात,
मघाशी आम्ही त्यांनाच दटावलेलं, उजेड करू नका.

गाडी वर आली. खाली गेली.
झाडं काळी ती काळीच राहिली त्या रात्री.

नोंदवही माझ्याकडं असते.
त्या पानावर माझ्याच अक्षरात आहे :
पाहुणे दहा. जेवणं चौदा.
काजवे दिसले नाहीत.
एकाने पैसे परत मागितले, साडेचारशे, दिले.
खाली, दुसऱ्या शाईत, पहाटेचं :
मुलगी. दोन किलो सहाशे.

आणि सत्तावीस तारीख.
दिवे बंद, साडेसात.