शनिवारचा तास

नववी ब. अशोक चौकामागची शाळा,
खिडकीखाली मागांची खडखड;
त्यामुळे ऐकायला शिकवायचं, तेही ओरडून.

फळ्यावर मी लिहिलं: हे बोलायचं नाही.
खालची यादी पोरांनीच भरली.
"टेन्शन नको घेऊ."
"माझ्या मावशीचं तर याहून वाईट..."
"नाटकं करू नको."
हे शेवटचं कुणाचं, विचारलं.
नरेश गुंटुक म्हणाला, "घरचं."

मग जोड्या. एकानं गप्प बसायचं,
दुसऱ्यानं त्या गप्पपणाशेजारी.
दोन मिनिटं. पन्नासाव्या सेकंदाला
मागचा बाक हसला,
आणि अंबादास कुरापाटी
उगाच कंपास उघडत, मिटत राहिला.

लावण्या येमुलनं हात वर केला:
"तिनं शपथ घातली तर?
कुणाला सांगू नको म्हणून?"

पुस्तिकेत उत्तर होतं, पान अकरा.
मी पान काढलं नाही.
म्हटलं, मोड शपथ.
जिवावरची गोष्ट एकटीनं धरायची नसते.
ओली चादर पिळायलासुद्धा
दोन टोकांना दोघी लागतात.
ती हसली नाही.
वहीत काही लिहिलंही नाही.

सोमवारी, पत्रा तापायला लागला तेव्हा,
शिक्षक-खोलीच्या दारात लावण्या.
तिच्या मुठीत दुसरा एक हात,
बोटांना तंबाखूचा पिवळा वास,
घरी बसून विड्या वळणाऱ्या पोरीचा.

"मॅडम, ही आज बोलणार नाही.
मी नुसती बरोबर आलेय."

मी वह्या बाजूला सारल्या.
खुर्च्या दोनच होत्या.
शहाबादीवर बसलो तिघी.