संप

शब्द मी चुकून मोठ्याने वाचला.
वहीत होतं: संप, साठ बाय तीस, उंची चाळीस.
आबा खाटेवर उठून बसले.
"कोनता संप? काय मागन्या शेतस?"

गिरणी बंद पडून एकोणतीस वर्षं झाली,
त्यांच्या कानात हा शब्द अजून एकाच अर्थाने राहतो.
म्हटलं, आबा, हा काचेचा.
मोठ्या टाकीच्या खाली, कपाटात बसतो.
वरचं पाणी दात्यांमधून खाली सांडतं,
पायमोज्यातून गाळलं जातं,
तिथून पंप त्याला परत वर पाठवतो.
"म्हंजे दुसरी पाळी," आबा म्हणाले
आणि आडवे झाले.

समुद्र मी एकदाच पाहिला, डुमसला,
तोही ओहोटीचा. काळा चिखल, आणि पाणी
कुठे तरी लांब, उन्हात चमकणारं.
बहुतेक म्हणूनच घरात चार फुटांचा आणला.
मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून सुटलं की
देवपूरच्या ह्या खोलीत मी मीठ तोलतो,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
दोन नारिंगी मासे आणि एक खेकडा
माझ्या तराजूवर जगतात.

पहिला संप वाया गेला.
खरं तर काच चांगली होती, हिशोब कच्चा होता.
एप्रिलची रात्र. लाईट गेली. पंप थांबला,
पण वर पाठवणाऱ्या पाइपाचं तोंड
चार बोटं पाण्यात बुडालेलं, मी ठेवलेलं.
पाइप उलटा ओढायला लागला.
अंधारात आधी कोणाला कळलंच नाही.
मग रंजनाचा पाय ओला झाला.
सकाळपर्यंत फरशी वाळली
आणि गव्हाच्या कोठीपर्यंत पांढरी रेघ उमटली,
कुणी तरी खडूने किनारा काढल्यासारखी.
ती काही बोलली नाही. बोटावर घेऊन चाखलं फक्त.
"भाजीत टाकू का?"

दुसऱ्याची वही घेऊन आठ दिवस बसलो.
काचेच्या तीन पट्ट्या: पाणी पहिलीच्या वरून,
दुसरीच्या खालून, तिसरीच्या पुन्हा वरून,
म्हणजे बुडबुडे मध्येच दमतात.
एका खणात शेवाळ, त्याचा दिवा रात्रीचा,
वर अंधार असताना खाली उजेड.
चव्वेचाळीस अंशात रोज पाच लिटर पाणी उडतं,
मीठ मात्र कुठे जात नाही,
म्हणून भर गोड्या पाण्याची,
आणि भर घालायला जुन्या कूलरचा फ्लोट.
तो आपल्या गावात कोणालाही बसवता येतो.

अडलं ते एकाच जागी.
संप भरायचा किती?
गच्च भरला तर पंप कोरडा पडायची भीती नाही,
आणि पाण्याची किंमत असते, जागेचीही.
मी आकडे मोठ्याने म्हणत होतो.
आबा भिंतीकडे तोंड करून बोलले:
"भोंगा वाजना की आम्ही समदा खाले उतरूत.
हजार मानूस. एकदम.
पटांगन रिकामं व्हतं
म्हनीसन कोनी चेंगरायनं नही."

मी पेन्सिल थांबवली.
वरून उतरणारे किती, आधी ते मोजलं.
साडेतेरा लिटर, पाइपातले दोन.
संपाच्या तळावर ते नऊ सेंटीमीटर चढतील.
तेरा सोडले.
पाइपाला पाण्याच्या रेषेखाली लगेच
एक बारीक भोक पाडलं, श्वास घेण्यापुरतं.
पारोळा रोडवर इश्तियाकभाईने काच कापताना विचारलं,
"इतना खाली क्यूँ छोड रहे?"
म्हटलं, वडिलांनी सांगितलंय.
त्याने कडा जास्त घासून दिल्या.

काल रात्री दहाला लाईट गेली.
कूलर थांबला, गल्लीतले पंखे थांबले,
आमचा पंप थांबला.
रंजनाने मोबाईलचा उजेड कपाटात धरला.
पाणी उतरू लागलं, आवाज करत, घाईघाईने,
पहिला खण, दुसरा, तिसरा,
पट्ट्या बुडाल्या, खण राहिलेच नाहीत,
सगळं एकच पाणी झालं आणि चढत राहिलं.
भोकाने फुर्र केलं.
काठाच्या अडीच बोटं खाली
थांबलं.

आबांनी खाटेवरून विचारलं,
"उतरनात का समदा?"
उतरले, म्हटलं.
"कोनी पडनं?"
कोणी नाही, आबा.

वर अंधारात मासे कुठे होते, दिसले नाहीत.