मेसटिन

एकतीस वर्षं मी नोटा पाहिल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
एकही माझी नव्हती.
शाई फुटलेली, कडेला सरकलेली, आकडा चुकलेली
बाजूला काढायची, एवढंच काम.
आता तोच डोळा घेऊन दर बुधवारी
लॅम रोडला ताहेरभाईच्या भंगारात बसतो.

हॅवरसॅकचं झाकण उचलून बघावं :
आतली खाकी बाहेरच्यापेक्षा गडद हवी.
दोन्हीकडे सारखीच विटलेली असेल
तर कुणीतरी चहाच्या पाण्यात बुचकळली आहे.
शिलाईचा एक दोरा ओढून जाळावा.
सुताची राख होते, नायलॉनचा मणी.
बकलाला लोहचुंबक लावावं,
पितळ असेल तर ढिम्म राहतं.
आणि सगळ्यात शेवटी शिक्का :
तीन रेघांचा बाण, कावळ्याच्या पायासारखा.
रामकुंडावर लोक ज्याच्यासाठी ताटकळतात
तो इथं पट्ट्यापट्ट्यावर बसून गेलेला.

ताहेरभाई म्हणतो, "साहेब,
तुम्ही माल बघत नाही, जामीन मागता."

त्या बुधवारी लहवितहून एक बाई आली, सत्तरीची.
पिशवीतून काढले, पदरानं पुसले
एकात एक बसणारे दोन चौकोनी डबे.
"विकायचे नाहीत. फक्त खरे का, ते सांगा.
आमचे दादा मिसरात होते लढाईला,
खेचरं सांभाळायचे.
गाव हसायचं. म्हणायचं, सावळा कॅम्पात भांडी घासायचा,
तिथनंच ढापले.
मरेस्तोवर ह्यातच जेवले."

भिंग लावलं.
लहान डबा : बाण, खाली १९४२. बाकी कोरा.
मोठा डबा : खिळ्यानं कोरलेलं 'सावळा गांगुर्डे',
जागा पुरली नाही म्हणून
शेवटचं अक्षर वरच्या अंगाला चढलेलं.
दांडी उघडली.
१९५१.

जोड जमवलेली. आमच्यात अशा जोडीला निम्मी किंमत.

पहिला मोठा डबा हरवलाही असेल,
वाळूत राहिला असेल,
नंतर कुणी बदलून दिला असेल.
किंवा गाव खरं बोलत असेल.
पत्रा फक्त कधी घडलो ते सांगतो,
कुणाच्या भुकेपुढे होतो, ते नाही.

बाई डब्याकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी लहान डबा मोठ्यात बसवला.
दांडी मिटली, तिच्यावर अंगठा ठेवला,
आणि बाईचं बोट धरून
बेचाळीसच्या आकड्यावरून फिरवलं.
"साल लढाईतलंच आहे," म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं.
ताहेरभाई उगाच तराजू पुसत राहिला.

जाताना तिनं दहाची नोट पुढे केली, भिंगाची म्हणून.
नको म्हटलं, तर टेबलावर ठेवून गेली.
मी ती घडी घालून खिशात टाकली,
उजेडात न धरता.